छत सावकाश सुटत होतं: बॉस्टनचा बोगदा, एपॉक्सी अँकर आणि क्रीपचं गणित

१० जुलै २००६ ची रात्र, अकराचा सुमार. बॉस्टनमध्ये एक जोडपं जुन्या ब्युइक गाडीतून लोगन एअरपोर्टकडे निघालेलं, रस्ता आय-९० कनेक्टर टनेलमधून, आणि त्या टनेलच्या डी स्ट्रीट पोर्टल म्हणतात त्या भागात गाडी आली तेव्हा वर टांगलेलं काँक्रीटचं छत खाली आलं. सुमारे २६ अमेरिकन टन, म्हणजे आपल्या हिशोबाने साडेतेवीस हजार किलो काँक्रीट आणि लोखंड. गाडीची बायकोच्या बाजूची अर्धी पार चेपली, ती ३८ वर्षांची बाई गेली, नवरा थोड्या जखमांवर वाचला.

त्या रात्री भूकंप नव्हता, आग नव्हती, कुठला ट्रक छताला घासला नव्हता. छताचं वजन जे पहिल्या दिवशी होतं तेच त्या रात्री होतं, एका किलोनेही वाढलेलं नाही. मग त्याच दिवशी का पडलं? मी स्ट्रक्चरलचं काम करतो, केमिकल अँकर, म्हणजे काँक्रीटच्या होलमध्ये चिकट रसायनाने बसवलेले बोल्ट, आमच्याकडे रोजचे झालेत, आणि हा प्रश्न मला अजून सोडत नाही म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहून काढतोय.

आधी रचना समजून घ्या. बोगद्याच्या खऱ्या स्लॅबच्या खाली काही फुटांवर हे दुसरं छत टांगलेलं होतं, मधल्या पोकळीतून हवा खेळवायची म्हणून, व्हेंटिलेशनसाठी. पॅनेल काँक्रीटची, मोठं पॅनेल सुमारे ४,७०० पौंड म्हणजे दोन टनांच्या वर. पॅनेल स्टीलच्या फ्रेमवर, फ्रेम हँगर रॉडवर, रॉड वरच्या स्टीलच्या बीमला, आणि तो बीम स्लॅबला स्टडने पकडलेला. डी स्ट्रीट पोर्टलचा स्लॅब आधीच ओतून झाला होता आणि त्यात छत टांगायला चॅनेल सोडलेले नव्हते, म्हणून खालून वर होल मारायचं, एपॉक्सी (दोन भाग मिसळले की कडक होणारा चिकट पदार्थ) भरायचं आणि स्टेनलेसचा आट्यांचा स्टड आत खुपसायचा असं ठरलं. स्टड ५/८ इंची, म्हणजे आपला साधारण १६ एमएम, आणि आत फक्त ५ इंच. आपल्या साइटवर ज्याला केमिकल मारणं म्हणतात तेच काम, फरक एवढाच की इथे स्टड डोक्यावर उलटा आणि जन्मभर ओढ खालीच.

प्रत्येक स्टडवर डिझाइन लोड धरला होता २,६०० पौंड, सुमारे ११८० किलो. आता १६ एमएमचा घेर आणि १२७ एमएम खोली असं धरून एपॉक्सीच्या थरावर किती ताण येतो ते काढा, जेमतेम १.८ एमपीए (मेगापास्कल, ताण मोजायचं एकक) येतो. चांगल्या एपॉक्सीला १० एमपीए सहज जमतात, त्यामुळे कागदावर बघणाऱ्याला हा आकडा अगदीच किरकोळ वाटणार. स्टड बसवल्यावर सव्वापट लोडने, म्हणजे ३,२५० पौंडांनी, जॅक लावून ओढून बघायचे, काही मिनिटं धरायचं, सुटला नाही की पास. ही प्रूफ टेस्ट. स्टड पास होत होते.

इथेच पहिली चूक आहे आणि ती कोणा एकाची नाही, आमच्या सगळ्या व्यवसायाची सवय आहे. आपण "किती ओढलं तर सुटेल" एवढंच विचारतो. "इतकंच ओढत राहिलं तर कधी सुटेल" हे विचारतच नाही, कारण स्टीलमध्ये ते विचारायची वेळ सहसा येत नाही आणि आपलं सगळं शिक्षण स्टील आणि काँक्रीटवर झालेलं.

मंडईतून कांदेबटाटे प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन निघालात तर काय होतं आठवा. दुकानात उचलली तेव्हा पिशवी धड असते, बंद जाड असतात. चालायला लागलं की पहिल्या पन्नास पावलांत बंद थोडे लांबतात, मग बराच वेळ काही होत नाहीसं वाटतं पण बोटाला कळत असतं की ते बारीक होत चाललेत, आणि मग घराच्या जिन्यात शेवटच्या दोन मिनिटांत एकदम पांढरे पडून दोरीसारखे होतात आणि कांदे पायरीवर. वजन तेच होतं ना, मंडईपासून जिन्यापर्यंत. हे क्रीप. आधी भरभर ताणणं, मग लांबलचक संथ टप्पा, मग शेवटचा वेग घेणारा टप्पा, पुस्तकात याला प्रायमरी, सेकंडरी, टर्शरी म्हणतात. बाथरूमच्या टाइलला चिकटवायचा हुक पण तसाच, टॉवेल लावला, आठ दिवस बरा राहिला, आणि एका रात्री तीन वाजता धप्पकन खाली. त्या रात्री कोणी टॉवेल ओला करून ठेवला नव्हता, चिकट थर आठही दिवस सरकत होता एवढंच.

एपॉक्सी म्हणजे लांब लांब साखळ्यांचं जाळं, मधे मधे गाठी मारलेल्या. ताण लावला की साखळ्यांचा ढिला भाग सरकून सोयीच्या जागी जातो. गाठी दाट असतील आणि तापमान त्या मालाच्या नरम व्हायच्या तापमानापासून, म्हणजे टीजीपासून, लांब असेल तर हे सरकणं थोडक्यात आटपतं. गाठी विरळ असतील किंवा टीजी जवळ असेल तर आटपतच नाही. आता गोम अशी की जोरात पटकन ओढलं तर दोन्ही जाळी सारखाच जोर दाखवू शकतात, साखळ्यांना सरकायला वेळच मिळत नाही. म्हणून पाच मिनिटांची टेस्ट या दोघांत फरक दाखवूच शकत नाही.

आणि बॉस्टनमध्ये नेमकं हेच होतं. एकाच कंपनीचं, एकाच नावाचं एपॉक्सी दोन प्रकारात मिळायचं, स्टँडर्ड सेट आणि फास्ट सेट. फास्ट सेट लवकर सुकतं, डोक्यावरच्या कामाला सोयीचं, आणि तेच वापरलं गेलं. या फास्ट सेटने नव्वदच्या दशकाच्या मध्यातच क्रीपची टेस्ट पास केली नव्हती आणि ते फक्त वारा, भूकंप अशा थोड्या वेळाच्या लोडसाठी मान्य होतं. ही माहिती अस्तित्वात होती, पण साइटवर होल भरणाऱ्याच्या आणि ड्रॉइंग मंजूर करणाऱ्याच्या हातात ती पोचली नाही, आणि डिझाइनवाल्यांच्या स्पेसिफिकेशनमध्ये क्रीपचा प्रश्नच नव्हता त्यामुळे कोणाला ती मागायचं कारणही पडलं नाही. अमेरिकेच्या एनटीएसबीने, म्हणजे अपघातांची चौकशी करणाऱ्या सरकारी मंडळाने, २००७ मध्ये मूळ कारण म्हणून हेच नोंदवलं: क्रीप न झेपणारं एपॉक्सी वापरलं, आणि डिझाइन, स्पेसिफिकेशन, मंजुरी यात कुठेही क्रीप हा धोका म्हणून धरला गेला नाही. होलमध्ये हवेच्या पोकळ्या राहिलेल्या सापडल्या, उलटं एपॉक्सी भरताना त्या राहतातच, त्याने ताकद घटली हे खरं, पण छत पडायचं मूळ कारण त्या नव्हत्या.

मला सगळ्यात जास्त लागतं ते १९९९ चं. अपघाताच्या सात वर्षं आधी, शेजारच्याच एचओव्ही टनेलमध्ये (एकाहून जास्त माणसं असलेल्या गाड्यांसाठीचा बोगदा), स्टड बसवून साधारण दोन महिने झाले आणि काही स्टड स्लॅबमधून खाली आलेले दिसले. डोळ्यांना दिसले. हे तेच स्टड जे ३,२५० पौंडाला पास झाले होते, आणि आता त्याहून कमी लोडवर बाहेर येत होते. जरा थांबून बघा हे वाक्य काय सांगतंय: जास्त लोड काही मिनिटं झेपला, कमी लोड दोन महिने झेपला नाही. याच्या मधे बदलली एकच गोष्ट, वेळ. क्रीप याहून स्पष्ट बोलू शकत नाही. पण बसवण्यात काहीतरी गडबड झाली असणार असं धरून ते स्टड बदलले, नवे बसवले त्याच एपॉक्सीने, आणि या वेळी ६,३५० पौंडांनी ओढून बघितले, म्हणजे २८८० किलो. टेस्ट दुप्पट कडक केली पण ती टेस्ट त्याच जुन्या प्रश्नाचं उत्तर देत होती. २००१ च्या डिसेंबरमध्ये तिथे परत काही स्टड उतरलेले सापडले. तरी लक्ष ठेवायची व्यवस्था झाली नाही, आणि २००३ च्या जानेवारीत रस्ता चालू झाल्यावर अपघातापर्यंत छताच्या वर जाऊन कोणी अँकर तपासले नाहीत. तपासले असते तर डी स्ट्रीटचे स्टड उतरत असलेले दिसले असते असं चौकशीतही म्हटलंय.

आता मॉडेलकडे येतो, कारण "क्रीप धरायला हवं होतं" म्हणणं सोपं आहे पण धरायचं कसं हा खरा प्रश्न आहे. इमारत पन्नास वर्षांची, टेस्ट कोणी पन्नास वर्षं करत बसणार नाही.

सगळ्यात साधं चित्र स्प्रिंग आणि डॅशपॉटचं. डॅशपॉट म्हणजे ऑफिसच्या दाराला वर क्लोजर असतो ना, कितीही ढकला तो आपल्या गतीनेच हलतो, तसं. एक स्प्रिंग लोड पडताक्षणी जे ताणलं जातं ते दाखवते, स्प्रिंग आणि डॅशपॉटची जोडी हळूहळू ताणून थांबणारा भाग दाखवते, आणि एक एकटा डॅशपॉट न थांबता सरकत राहणारा भाग. हे बर्गर्स मॉडेल. समजायला उत्तम, पण टेस्टच्या रीडिंगला बसवायला गेलं की चार आकडे शोधावे लागतात आणि शेवटचा डॅशपॉट एकदम सरळ रेषेत पळतो, खरं एपॉक्सी तसं वागत नाही, ते मंदावत मंदावत सरकतं. म्हणून अँकरच्या कामात जास्त चालतो तो फिंडलीचा पॉवर लॉ. घसरण म्हणजे सुरुवातीची घसरण, अधिक एक आकडा गुणिले वेळेचा घात. घाताला आपण ब म्हणू. ब शून्याच्या जवळ असला की वक्र आडवा पडतो, ब वाढला की वर उचलतो. तिसरा मार्ग लॉगचा, म्हणजे वेळ दहापट झाली की घसरणीत तेवढीच ठरावीक भर.

हे कागदावर करून बघा, आकडे मी समजावायला घेतलेत, कुठल्या मालाचे नाहीत. समजा ४२ दिवस, म्हणजे साधारण १००० तास, स्टड लोडखाली ठेवला आणि सुरुवातीची सोडून ०.२ एमएम घसरण मोजली. लॉगच्या वक्राने पन्नास वर्षांनी, म्हणजे ४,३८,००० तासांनी, ही घसरण होते ०.३८ एमएम. पॉवर लॉमध्ये ब ०.२ धरला तर ०.६७. ब ०.४ धरला तर जवळपास २.३ एमएम. तिन्ही वक्र ४२ व्या दिवशी एकाच बिंदूतून जातात, आणि पन्नास वर्षांनी एकात दुसऱ्याच्या सहापट फरक. म्हणजे एक शेवटचं रीडिंग घेऊन काही कळत नाही, वक्र कसा वळतोय ते लागतं, आणि ते कळायला मधली रीडिंग दाट आणि नीट घ्यावी लागतात, घसरण मोजणाऱ्या डायल गेजला धक्का लागू न देता, खोलीचं तापमान हलू न देता. अमेरिकेत आधी या ४२ दिवसांवरून लॉगने ६०० दिवसांपर्यंत पुढे जायचे, दोन वर्षंही नाहीत. नंतर आलेल्या एसीआय (अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूट) ३५५.४ या मानकात, २०११ चं, पॉवर लॉ घेतला आणि नेहमीच्या तापमानाला पन्नास वर्षांपर्यंत पुढे न्यायला सांगितलं, आणि वक्र बसवताना शेवटच्या किमान वीस दिवसांची रीडिंग धरायला सांगितली, कारण पहिल्या दिवसांतला भरभर ताणण्याचा भाग धरला तर ब फसवा येतो. हे मला फार शहाणपणाचं वाटतं.

पण एक गोष्ट कुठलाही पॉवर लॉ सांगत नाही: तिसरा टप्पा. पिशवीचे बंद पांढरे पडतात तो. फिंडलीचा वक्र कायम मंदावतच जातो, त्याला तुटणं माहीतच नाही. म्हणून तो वापरायचा तर एक अट पाळावी लागते, लोड एवढा कमी ठेवायचा की इमारतीच्या आयुष्यात तिसरा टप्पा येणारच नाही. तो किती कमी, हे कळायला वेगळा आलेख लागतो, ज्यात वेगवेगळ्या लोडवर स्टड किती वेळाने सुटला ते मांडतात. लोड पटकन ओढून मिळणाऱ्या ताकदीच्या ८० टक्के तर काही तासांत, ७० टक्के तर काही दिवसांत, असं आडवी बाजू लॉगवर घेतली की बिंदू साधारण उतरत्या रेषेत येतात आणि ती रेषा पन्नास वर्षांपर्यंत ताणायची. प्रत्येक मालाची रेषा वेगळी. फास्ट सेटची रेषा इतकी तिरकी होती की किरकोळ वाटणारा लोडही काही वर्षांत तिला गाठत होता. अपघातानंतर फेडरल हायवेच्या लॅबमध्ये दोन्ही प्रकारचे अँकर कायमच्या लोडखाली ठेवून बघितले तेव्हा फास्ट सेट सरकतच राहिलं आणि जड लोडवर सुटून आलं, स्टँडर्ड सेट त्याच्या मानाने जागच्या जागी.

आणखी एक भाग आहे जो मॉडेल करताना लोक विसरतात. एका बीमला बरेच स्टड असतात, म्हणून वाटतं की एक सुटला तर बाकीचे आहेत. क्रीपमध्ये सुरुवातीला हे खरंही ठरतं, जो स्टड जास्त लोड घेतो तो जास्त सरकतो, बीम ताठ असल्यामुळे त्याचा लोड शेजाऱ्याकडे जातो आणि सगळ्यांवर लोड सारखा वाटला जातो. ऐकायला छान आहे. पण सगळे स्टड एकाच एपॉक्सीचे, एकाच महिन्यात बसवलेले, एकाच लोडखाली, म्हणजे सगळ्यांचं घड्याळ एकच. सगळे एकदमच म्हातारे होत असतात, आणि पहिला तिसऱ्या टप्प्यात गेला की त्याचा लोड ज्यांच्यावर पडतो तेही त्या टप्प्याच्या उंबरठ्यावरच उभे असतात. त्या रात्री वीस स्टड असे सुटले आणि दहा पॅनेल खाली आली. म्हणून क्रीपच्या बाबतीत "जास्त स्टड लावलेत ना" हे उत्तर मी मानत नाही, प्रत्येक स्टडवरचा कायमचा ताण कमी झाला का तेवढंच विचारतो.

तापमानाचं आपल्याकडे जास्त बघायला हवं. मॉडेलमध्ये तापमान म्हणजे घड्याळाचा वेग, दहा-पंधरा अंश वाढले की तीच घसरण कितीतरी लवकर गाठली जाते, आणि याचाच उपयोग करून गरम खोलीत थोडे दिवस टेस्ट करून थंडीतली बरीच वर्षं वाचता येतात. पण हे टीजीच्या खाली राहिलं तरच. साइटवर साध्या हवेत सुकणाऱ्या बऱ्याच एपॉक्सीचा टीजी ५० ते ६० अंशांच्या आसपास असतो, आणि गरम टेस्ट सहसा ४३ अंशांना होते. बॉस्टनच्या बोगद्याला तेवढं बास. नागपूर-चंद्रपूरला मे महिन्यात हवाच ४५ च्या वर जाते आणि उघड्या गच्चीचा स्लॅब त्याहून बराच तापतो, तिथे गच्चीच्या स्लॅबला खालून एपॉक्सीने काही टांगलं तर डेटाशीटवरचा ४३ अंशांचा आकडा आपल्या कामाचा राहत नाही, आणि हे डेटाशीटमध्ये तापमानाच्या तक्त्यात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं जे कोणी उघडत नाही.

अपघातानंतर काय झालं ते थोडक्यात. टनेलमध्ये एपॉक्सीच्या जागी मेकॅनिकल अंडरकट अँकर आले, जे होलच्या आत काँक्रीटमध्ये कोरलेल्या खाचेत अडकून बसतात, चिकटण्यावर अवलंबून नाहीत. २००८ मध्ये प्रोजेक्टच्या व्यवस्थापनातल्या आणि डिझाइनच्या कंपन्यांनी सरकारशी ४५ कोटी डॉलरच्या वर तडजोड केली. एनटीएसबीने सांगितलं की टेस्टची नीट पद्धत ठरेपर्यंत हायवेवर डोक्यावर कायमच्या ओढीखाली चिकटवलेले अँकर वापरूच नका. मग २०११ च्या एसीआय ३१८ या काँक्रीटच्या कोडमध्ये नियम आला, कायमचा लोड असेल तर चिकटण्याच्या ताकदीच्या फक्त ०.५५ पट धरायची, आणि डोक्यावर असे अँकर बसवणारा माणूस सर्टिफिकेटवाला हवा, बसवताना इन्स्पेक्टर सतत समोर हवा. युरोपच्या ईएन १९९२-४ या मानकात, २०१८ चं, मालाच्या कागदांत वेगळा आकडा नसेल तर ०.६ धरा असं आहे.

मागच्या वर्षी पुण्यात एका बेसमेंट पार्किंगमध्ये स्प्रिंकलरची मोठी पाइप टांगायची होती, सहा इंची, पाण्याने भरलेली, केमिकल स्टडवर. सुपरवायझर चांगला मुलगा, कामाला चोख, मी कायमच्या लोडचं विचारलं तर म्हणाला, "सर पुलआऊट काढून देतो ना, पाहिजे तेवढे काढून देतो." पुलआऊट म्हणजे तीच जॅकने ओढून बघायची टेस्ट. त्याला दुसरं काही सांगितलेलंच नव्हतं कोणी, त्याचा काय दोष. मी त्याला खाली बसवून ४२ दिवसांचं तीन वक्रांचं चित्र त्याच्याच डायरीत काढून दाखवलं, त्याने बराच वेळ बघितलं आणि विचारलं की मग हा ब कुठून मिळतो. इतका बरोबर प्रश्न मला कॉलेजात पण सुचला नव्हता. आम्ही कंपनीकडून त्या मालाचा अप्रूव्हलचा पूर्ण कागद मागवला, त्यात कायमच्या लोडचा आकडा आणि तापमानाचा तक्ता होता, त्या हिशोबाने स्टडची संख्या जवळपास दीडपट झाली, आणि मुख्य पाइपच्या वळणांवर, जिथे वजन जास्त, तिथे मेकॅनिकल अँकर घेतले.

शिवाय प्रत्येक दहाव्या स्टडवर, स्लॅबला लागून, लाल ऑइल पेंटची बारीक रेघ मारून घेतली. प्लेट आणि स्लॅब यांच्या मधे फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घालून रीडिंग घ्यायचं, पहिलं वर्ष दर महिन्याला, मग सहा महिन्यांनी, आणि रीडिंग त्याच डायरीत, तारीख आणि त्या दिवसाच्या तापमानासकट. आतापर्यंत नऊ रीडिंग झालीत. रेघ कुठेच हललेली नाही, पण मी त्याला सांगून ठेवलंय की "हललं नाही" हे पण प्रत्येक वेळी लिहायचं.